कापड धड, दोरा मेलेला

चाचांनी शिवणीवरून अंगठ्याचं नख हलकेच ओढलं आणि दोरा तुटून वर आला. जोर लावावाच लागला नाही. वाळल्या गवताची काडी मोडावी तसा. मग त्यांनी कापड दोन्ही मुठींत धरून दोन-तीन झटके दिले, उजेडाकडं धरून पाहिलं, नाकाशी नेऊन हुंगलंसुद्धा, आणि म्हणाले, "कपडा धड हाय भैया. दोरा मेलाय." दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काळं पडलेलं एक अवजड मशीन आणि निम्म्या रस्त्यावर पसरलेल्या ताडपत्र्या. सोयाबीन झाकायची ताडपत्री, ट्रकचं हूड, मंडपाची कनात, हे त्यांचं रोजचं काम. त्या दिवशी माझ्या धाकट्यानं पिशवीतून एक त्रिकोणी, कडक, पांढरं कापड काढून फरशीवर अंथरलं. तिन्ही कोपऱ्यांना कापडाचे थरावर थर आणि त्यांत बसवलेल्या स्टीलच्या कड्या. "हे कशाचं पाल म्हणायचं?" चाचांनी विचारलं. "शीड आहे. बोटीचं. वारा लई वाढला की मोठं उतरवून हे लावायचं." चाचांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. थोरला काहीतरी बोलेल अशा नजरेनं. मी रस्त्यावरची रिक्षा बघत राहिलो.

दोरा उन्हानं मरतो. विणलेल्या कापडात एका धाग्याला दुसऱ्याची सावली असते, शिवणीचा दोरा मात्र कापडावर उघडा बसलेला असतो, त्यामुळं ऊन आधी त्याला खातं. हे धाकटा समजावून सांगत होता, पण चाचांना ते नवीन नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली एक जुनी कनात ओढून तिच्या शिवणीवरून नख फिरवून दाखवलं. तीच गत. नवीन होतं ते टाक्याचं. बोटवाल्यांना नागमोडी टाका लागतो. वाऱ्यानं कापड ताणलं की तो थोडा पसरतो आणि सरळ टाक्यासारखा तटकन तुटत नाही. चाचांचं मशीन सरळच चालतं. यावर दोघांची अर्धा तास हुज्जत झाली, मध्ये चहा झाला, आणि शेवटी सरळ टाक्याच्या दोनच्या जागी तीन ओळी आणि कोपरे हातानं, यावर तोड निघाली. हातानं म्हणजे दाभणानं. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून चाचा ते आठ पदरी कोपरे टोचत होते. प्रत्येक टाक्याला दाभण आधी अडायचं, मग कच्चकन पलीकडं निघायचं. त्यासोबत चाचांच्या तोंडून बारीक हुंकार निघायचा. दोरा धाकट्यानं सोबत आणलेला. बोट मलेशियातल्या लँगकावीला, आणि तिथला शिडं शिवणारा दोन महिने मोकळा नव्हता म्हणून हे आठ किलोचं बोचकं विमानानं लातूरला आलं होतं. मोठी शिडं त्यानं तिथंच उरकली होती.

"दोरा मेलाय" हे तेवढ्यापुरतं बोलणं होतं. पण त्या रात्री मला झोप लागेना.

आमच्या भावकीत ही बोट हा चेष्टेचा विषय आहे. धाकटा मालवाहू जहाजांवर पंधरा वर्षं होता. मग तीन वर्षांपूर्वी त्यानं वाटणीचं दीड एकर विकलं आणि मलेशियात एक बत्तीस फुटी, एका डोलकाठीची, जुनी फायबरची बोट घेतली. रान चुलतभावानं घेतलं. व्यवहार चोख झाला, सह्या मीही केल्या. पण आता माझ्या बांधावर उभं राहिलं की शेजारी त्याचं सोयाबीन दिसतं आणि बांध अजून तोच आहे. याचा राग धाकट्यावर आहे, की विकायचं नाही असं ठणकावून न सांगणाऱ्या माझ्यावर, ते मला कधी नीट ठरवता आलेलं नाही. तर ती बोट आता तो एकट्यानं घरी आणणार. म्हणजे लँगकावीहून निघायचं, सुमात्राच्या वरच्या टोकाला वळसा घालायचा, बंगालच्या उपसागराचा खालचा भाग ओलांडून श्रीलंकेच्या खालून कोचीला यायचं. सुमारे 1500 सागरी मैल. वाऱ्यानं साथ दिली तर पंधरा-सोळा दिवस. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बोट बांधणार कुठं?" म्हशीला जागा आहे का, अशा सुरात.

माझं पंपांचं दुकान आहे. मोटार रिवाइंडिंग, सबमर्सिबल, ऑटो स्टार्टर. तीन वर्षांत धाकट्यानं मला बोटीबद्दल एकदाच काही विचारलं, आणि ते ग्लँडबद्दल. इंजिनाचा शाफ्ट बोटीच्या पोटातून बाहेर पाण्यात जातो, मागच्या पंख्यापर्यंत. जिथून जातो तिथं भोक असतं, आणि ते भोक बुजवायचं पण शाफ्ट फिरता ठेवायचा. आमच्या पंपात हेच काम ग्लँड दोरी करते. "दादा, किती थेंब?" एवढाच त्याचा मेसेज. मी त्याला व्हिडिओ कॉलवर धरून तासभर शिकवलं. जुनी दोरी हुकानं पार काढ, तुकडाही ठेवू नको. नवे वेढे तिरपे काप. जोडावर जोड येऊ देऊ नको, एक वर तर दुसरा खाली. नट हातानं आवळ, मग इंजिन चालव, मग पाव-पाव आटा. चालताना मिनिटाला दोन-चार थेंब आलेच पाहिजेत. पार कोरडा केलास तर दोरी जळते आणि शाफ्ट खाते. नवखा मेकॅनिक नेहमी इथंच चुकतो, गळती म्हणजे दोष समजतो आणि आवळत सुटतो. धाकट्यानं फोन त्या अंधाऱ्या बिळात धरला होता. टॉर्चच्या उजेडात एक थेंब शाफ्टखाली फुगला, लोंबला आणि पडला. आम्ही दोघं तीन हजार किलोमीटरवरून मिनिट मोजत बसलो होतो. त्या तासाभरात आमच्यात रानाचा विषय निघाला नाही.

आमच्याकडच्या लोकांना वाटतं समुद्र म्हणजे कोकणचा विषय. तसं ते नाही, हे मी धाकट्याची बाजू घेऊन भांडताना शोधलं. इथून जवळच्या तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात तगर आणि पैठण दोन्ही आहेत, आणि तगरचं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं, तिथून जहाजात, असं त्यात आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर तर दोन डोलकाठ्यांचं गलबत आहे. म्हणजे समुद्र न बघितलेल्या विणकरांचं कापड समुद्रावर होतं. धाकट्याचे देव मात्र वेगळे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा माणूस 1968-69 मध्ये 312 दिवस कुठंही न थांबता एकटा पृथ्वीभोवती फिरला, तो 'सुहैली' या बोटीतून. ती बत्तीस फुटी बोट मुंबईत सागवानात बांधलेली. आपले कमांडर दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात परत आले, एकट्यानं प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ही नावं तो घरात इतक्यांदा घेतो की आई दोंद्यांना आमचे पाहुणे समजते.

आईनं वादळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. शार्क नाही, चाचे नाहीत. तिचा प्रश्न पाण्याचा.

"रोज किती?" तिनं विचारलं. चार लिटर, तो म्हणाला, पिणं, शिजवणं, दात घासणं धरून. आंघोळ समुद्राच्या पाण्यानं. आईनं मनात काहीतरी वजाबाकी केली आणि म्हणाली, "मग आधी घरात राहून दाखव." त्याला हसू आलं, पण ती उठून माळ्यावरून वीस लिटरचा कॅन काढायला लागली होती. तर भाऊबिजेनंतरचे तीन दिवस आमच्या वरच्या खोलीत चाळिशीचा घोडा बारा लिटर पाणी मोजून घेऊन राहिला. गॅसची छोटी शेगडी, एक पातेलं, एक तांब्या. भाताला दोन वाटी गोडं पाणी आणि एक वाटी आईनं मीठ कालवून दिलेलं, समुद्राचं म्हणून. पहिल्या दिवशी त्यानं दुपारीच तीन लिटर संपवले आणि संध्याकाळी जिन्यात येऊन बसला. आई खालून म्हणाली, "समुद्रात जिना नसतो." दुसऱ्या दिवशी तो सुधारला. पातेलं आधी शेंगदाण्याच्या चटणीसोबत कडक भाकरीच्या तुकड्यानं पुसायचं, मग धुवायची गरज उरत नाही, ही युक्ती त्याला आठवली. आठवली म्हणजे काय, आम्ही सगळेच एके काळी तसे जेवलोय. तिसऱ्या रात्री त्यानं उरलेलं अर्धा लिटर खाली आणून दिलं. आईनं ते तुळशीला घातलं आणि पातेल्याचा वास घेऊन त्याला आधी आंघोळीला पिटाळलं.

2016 चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांना पाण्याची रेल्वे आठवते. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणी आल्या, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आईनं त्याच दिवशी भागाकार केला होता. शहरात चार लाखांच्या आसपास माणसं, म्हणजे माणशी लिटर-सव्वा लिटर. "चूळ भरून झाली," ती म्हणाली होती. त्याच उन्हाळ्यात आमच्या भरलेल्या पिंपात पाल पडली. आठ दिवसांचं पाणी. फेकलं नाही, संडासाला वापरलं, पण प्यायला शेजारी हात पसरावा लागला आणि ते ती विसरलेली नाही. म्हणून बोटीत नव्वद-नव्वद लिटरच्या दोन वेगळ्या टाक्या आहेत, त्यांच्यामध्ये झडप आहे, आणि त्याशिवाय वीस लिटरचे चार कॅन वेगवेगळ्या कोपऱ्यांत बांधलेत, हे ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा मान डोलावली. एकूण 260. सोळा दिवसांच्या वाटेला दोन महिने पुरेल एवढं. "हां, मग जाऊ दे," ती म्हणाली. परवानगी ही अशी मिळाली.

मग तिनं बेगमीला हात घातला. येसर, म्हणजे भाजून दळलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ, दोन किलो. येसर बोटीसाठीच जन्मलाय जणू. पाणी उकळायचं, दोन चमचे येसर सोडायचा, आमटी तयार, आणि बोट कितीही हलली तरी एका पातेल्यात भागतं. कडक भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून. मेतकूट, सांडगे. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्या अक्षरात नाव, वर तारीख. सांडग्यांचा डबा मी विमानतळाच्या वजनाचं कारण सांगून काढला. खरं कारण मला ते आवडतात.

आमच्या उंबऱ्याआड खुंटीला एक खाकी पिशवी आहे. 30 सप्टेंबर 1993 नंतर आप्पांनी ती टांगली. त्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आम्ही सगळे नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी अंगणात होतो आणि आप्पांचा चष्मा आत होता. किल्लारी आमच्यापासून चाळीस-एक किलोमीटर, आमची एक भिंतच तडकली, तिकडं गावंच्या गावं बसली. पण आप्पांना तो चष्मा सलत राहिला. पिशवीत जुना चष्मा, बॅटरी, सातबाऱ्याची नक्कल, पाण्याची बाटली, बिस्किटपुडा आणि पत्र्याची शिट्टी. ढिगाऱ्याखाली आवाज बसतो, शिट्टी वाजते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. आप्पा जाऊन चार वर्षं झाली, आई अजून दर वर्षी त्या तारखेला बॅटरीचे सेल बदलते. धाकट्याच्या बोटीतही अशी पिशवी असते. बोट बुडायला लागली तर तराफ्यात उडी मारताना तेवढीच घ्यायची. त्यानं यादी दाखवली आणि मग खुंटीकडं बघून म्हणाला, "दादा, शिट्टी नेऊ?" पाच रुपयांची शिट्टी. मी म्हणालो, तिकडं चांगली मिळेल की. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, काढून दिली. पिशवी तशी हलकी झाली असेल चार-पाच ग्रॅमनं. मला जाता-येता ती लोंबकळल्यासारखी दिसते.

त्याच रात्री त्यानं तो अर्ज भरून घेतला. बोटीवर एक पिवळं यंत्र असतं. पाण्यात पडलं की ते 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतं, उपग्रह बचाव केंद्राला सांगतो, आणि केंद्र आधी जमिनीवरच्या नोंदवलेल्या माणसाला फोन करतं. हाक खरी की चुकून दाबलं गेलं, हे विचारायला. तो माणूस मी. "फोन रात्रीपण चालू ठेवायचा, दादा. अनोळखी नंबर कट करायचा नाही." रोज संध्याकाळी तो उपग्रहावरून एक छोटा मेसेज पाठवणार. एक दिवस हुकला तर यंत्राचा दोष धरायचा. अठ्ठेचाळीस तास झाले तर तटरक्षक दलाला 1554 वर फोन. मी तो नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला, गॅसच्या नंबराखाली. लिहिताना मला जाऊ नको म्हणायचं होतं. त्याऐवजी मी कॅनच्या झाकणाचं रबर कसलं आहे यावरून त्याच्याशी वाद घातला.

एकदा मात्र तो चिडला. श्रीलंकेच्या खाली मलाक्काहून सुवेझकडं जाणाऱ्या जहाजांची रांगच असते, तिथं वीस-वीस मिनिटांचीच झोप, असं तो सांगत होता. जवळ जहाज आलं की यंत्र ओरडून उठवतं. मी म्हणालो, आप्पांसारखं. रात्रीच्या लायटीला आप्पा पाणी द्यायचे तेव्हा सरीच्या टोकाला पाय ठेवून झोपायचे, पाणी पायाला लागलं की जाग, उठून दारं मोडायचं, पुढच्या सरीला पाय. "दादा, प्रत्येक गोष्टीत लातूर घुसवू नको," तो म्हणाला. "तिथं पायाला पाणी लागलं तर बोट बुडायलीय." बरोबरच होतं त्याचं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचा त्यानं मला फोटो दाखवला होता. एकोणीस पदरांची स्टीलची तार, आणि जिथं ती टोकाच्या कोंदणात शिरते तिथं एकच पदर तुटून केसासारखा वर आलेला. त्या एका पदरासाठी त्यानं सगळ्या तारा बदलल्या. या गोष्टीला माझ्याकडं घरातला जोड नाही. आणि ज्या सरीत आप्पा झोपायचे ती आता चुलतभावाची आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तो नव्हता. लातूर रिकामं झालं, आम्हीही रानात गेलो. कडब्याची कोप केली, आंबिलाचं बिंदगं, भज्जी, बाजरीचे उंडे. चुलतभावानं आग्रहानं त्याच्या कोपीत जेवायला बोलावलं, म्हणजे त्या दीड एकरात. भज्जी चांगली झाली होती. आई जेवून बांधावर बसली आणि म्हणाली, "तिकडं कुठल्या दिशेला असंल तो?" मी फोनवर बघून हात केला, आग्नेयेला. मग सहज कोची पाहिलं तर ते जवळपास आमच्याच रेखांशावर निघालं, 76 अंश आणि वर काही मिनिटं, नाकासमोर सरळ दक्षिणेला साडेनऊशे किलोमीटर. आईला ते पटलं. "म्हणजे खालच्या अंगाला," ती म्हणाली, गल्लीतलं घर सांगावं तसं.

जानेवारीच्या मध्यात, उपसागरातल्या वादळांचे महिने सरून ईशान्येचा वारा स्थिर झाल्यावर, तो निघाला. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला मेसेज येतो, तीन आकडे. अक्षांश, रेखांश आणि तिसरा आईसाठी, उरलेले लिटर. ती तो कॅलेंडरवर लिहिते. 256. 252. 248. एके दिवशी 245 आला तर ती "आज जपून वापरलं" म्हणाली आणि शेजारणीला सांगून आली. आठव्या दिवशी 230. नवव्या दिवशी, म्हणजे काल, 5 अंश 50 मिनिटं उत्तर, 84 अंश पूर्व, 255.

आईनं मला दुकानातून बोलावून घेतलं. "वाढलं कसं?" जानेवारीत पाणी वाढतं हे तिच्या हिशेबात बसेना. मला आठवलं, शिडासोबत चाचांनी आणखी एक चीज शिवली होती. बोटीवर ताणायची चादर, मधोमध खोलगट, आणि त्या खोलगटाला रबरी नळी बसेल असं तोंड. पाऊस आला तर झेलायला. तीन ओळी टाका, कोपरे दाभणानं. मी गाडी काढून तसाच गंजगोलाईत गेलो. चाचा एका ट्रकच्या हुडावर वाकले होते. सांगितलं, तुमच्या चादरीत पंचवीस लिटरच्या वर पाऊस धरला पोरानं, भर समुद्रात. त्यांनी मशीन थांबवलं नाही. ओळ संपल्यावर दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "शिवणीतून गळालं का?"

तेवढंच मी धाकट्याला पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही. आजचे सात वाजून गेलेत, फोन समोर टेबलावर पालथा न घालता ठेवलाय, आणि हातात एका गिऱ्हाइकाचा मोनोब्लॉक पंप आहे. कुणीतरी ग्लँड पार कोरडा आवळून ठेवलाय.